चर्चच्या भिंतीवरची ज्यूद्वेषी शिल्पं: काढायची, झाकायची की शेजारी पाटी लावायची?

पाथरवट

जर्मनीतल्या विटेनबर्गचं सेंट मेरी चर्च म्हणजे ज्या गावचर्चमध्ये सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर प्रवचनं करायचा ते. त्याच्या आग्नेय कोपऱ्यावर, जमिनीपासून साधारण चार मीटरवर, वालुकाश्मातलं एक उठावशिल्प आहे. साधारण १२९० च्या आसपासचं. एक डुकरीण, तिच्या आचळांना लागलेली टोकदार टोप्यांची माणसं, आणि मागे एक जण शेपूट उचलून तिच्या गुदद्वारात डोकावतोय. टोकदार टोपी ही त्या काळच्या चित्रांतली ज्यू माणसाची खूण. डुक्कर ज्यू धर्मात निषिद्ध, म्हणून मुद्दाम डुकरीण. या प्रकाराला जर्मनीत ‘युडेनझाऊ’ म्हणतात. ब्रांडेनबुर्ग, रेगेन्सबुर्ग, न्यूरेम्बर्ग, काल्बं, कोलोन... यादी मोठी आहे. कोलोनला तर कॅथीड्रलच्या आत, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लाकडी बैठकांवर कोरलंय.

‘जुनं आहे, मध्ययुगीन आहे, त्या काळी चालायचं’ हे उत्तर विटेनबर्गला लागू पडत नाही. डुकरिणीच्या वर सोनेरी अक्षरांत ‘राबिनी शेम हा म्फोरास’ असं लिहिलंय, ते सोळाव्या शतकातलं. शेम हमफोराश म्हणजे देवाचं उच्चारू नये असं नाव. ल्यूथरने १५४३ मध्ये याच नावाची टर उडवणारी पुस्तिका लिहिली, तिच्यावरून ही अक्षरं आली. थोडक्यात, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी कोणीतरी वर चढलं, दगडावरची जुनी शिवी नव्याने सोन्यात रंगवली आणि खाली उतरलं.

‘काढा की ठेवा’ यावर भांडण नको, ते सगळीकडे चालूच आहे. ठेवायचं ठरलं तर भिंतीपाशी नेमकं काय करायचं, काढायचं ठरलं तर दगडाचं काय होतं, आणि पाटीवर काय लिहायचं, यावर जाणकारांनी लिहावं.

पायरी_क्र_७

आधी न्यायालयाचं, कारण बाकी सगळं त्याला धरून आहे. ज्यू समाजातल्या एकाने ‘हे शिल्प माझा अपमान करतं, काढा’ म्हणून दावा लावला. डेसाउ-रोसलाउच्या न्यायालयात २०१९ ला हरला, नाउमबुर्गच्या वरच्या न्यायालयात फेब्रुवारी २०२० ला हरला, आणि १४ जून २०२२ ला कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयातही. पण बातम्यांत फक्त ‘हरला’ आलं, निकालातला महत्त्वाचा भाग राहिला.

न्यायालय म्हणालं की हे शिल्प एकट्याने पाहिलं तर तो ज्यूंचा घोर अपमान आहे, आणि ११ नोव्हेंबर १९८८ पर्यंत ते कुठल्याही टिप्पणीशिवाय भिंतीवर ठेवून चर्चच्या मंडळीने बेकायदा स्थिती चालू ठेवली. त्या तारखेला चर्चने शिल्पाखाली जमिनीत कांस्याची स्मृतिपट्टी बसवली, पुढे माहितीची तिरपी पाटी उभी केली. एवढ्याने ‘कलंकाचं चिन्ह’ हे ‘आठवणीचं चिन्ह’ झालं, आणि बेकायदा स्थिती दूर करायला काढून टाकणं हा एकमेव मार्ग नाही, असा निकाल.

म्हणजे सगळा डोलारा दोन वस्तूंवर उभा आहे: जमिनीतली पट्टी आणि तिरपी पाटी. त्या दोन गोष्टी फसल्या तर युक्तिवादही फसला. त्याच वर्षी चर्चनेच नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने शिल्प काढून चर्चजवळच वेगळ्या जागी ठेवा अशी शिफारस केली. चर्चच्या मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते जागेवरच ठेवायचं आणि माहिती सुधारायची ठरवलं.

आक्षीकर

एक शंका. आपल्याकडच्या गधेगाळीसारखंच झालं ना हे? तिथेही जनावर, अश्लील चित्र, दगडात कोरून सगळ्यांना दिसेल असं उभं केलेलं. मग त्याच्याकडे आपण शिलाहारांचा इतिहास म्हणून कौतुकाने बघतोच की.

पाथरवट

आक्षीकर, तुलना सुचणं साहजिक आहे, पण नीट लावून बघा. गधेगाळ हा शाप आहे आणि त्याला अट आहे: दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याच्या आईला गाढव लागो. जो मोडेल त्याला, मग तो कोणीही असो. राजासुद्धा. (शिवीचा भार त्यातही बाईवरच टाकलाय, ते वेगळं.) युडेनझाऊला अट नाही. ज्यू म्हणून जन्माला आलात की शिवी तुमच्यासाठीच.

दुसरा फरक तोंड कुठे आहे याचा. गधेगाळ दानाच्या जमिनीच्या हद्दीवर असते, तिचं काम तिथेच. रेगेन्सबुर्ग कॅथीड्रलचं युडेनझाऊ ज्यू वस्तीच्या बाजूला तोंड करून बसवलंय. १५१९ मध्ये ती वस्ती पाडून सगळ्यांना हाकललं. शिल्प मात्र अजून त्याच दिशेला बघतंय.

अवांतर: ज्या आक्षीत गधेगाळ आहे त्याच अलिबाग तालुक्यात नवगाव आहे, जिथे बेने इस्रायलींचे (कोकणातल्या ज्यूंचे) पूर्वज किनाऱ्याला लागले असं त्यांची परंपरा सांगते. गावाने त्यांना नाव काय दिलं, तर ‘शनिवार तेली’. घाणा चालवतात आणि शनिवारी बंद ठेवतात म्हणून.

चुनखडी

‘काढून संग्रहालयात ठेवा’ हे बोलायला सोपं आहे. दगडाच्या बाजूने लिहितो.

पहिला प्रश्न: शिल्प भिंतीवर चिकटवलेलं आहे की भिंतीचाच दगड आहे? पातळ फरशी असेल तर मागचे सांधे मोकळे करून निघते. पण बऱ्याच वेळा मूर्ती ज्या दगडात आहे तो दगड वरचा भार पेलत असतो. मग वरचं दगडकाम टेकू देऊन तोलून धरायचं, सांध्यात हिऱ्याच्या तारेची करवत घालायची, दगड बाहेर ओढायचा आणि त्याच दिवशी पोकळीत नवा दगड बसवायचा. वालुकाश्म घनमीटरला साधारण २.२ टन. एक मीटर लांब, ६० सेंमी उंच, ४० सेंमी खोल ठोकळा म्हणजे पाचशे किलोच्या वर. तो दोरीने उतरवायची गोष्ट नाही.

फुटतं कुठे? लोखंडी क्लॅम्पपाशी. जुन्या कारागिरांनी लोखंडी पट्ट्या शिसं ओतून बसवल्यात. पाणी गेलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा खातो आणि दगडाला आतून फोडतो. वरून अखंड दिसणारा दगड हलवला की नेमका पट्टीच्या रेषेत दुभंगतो. म्हणून हात लावण्याआधी धातुशोधकाने सगळ्या पट्ट्या शोधून चित्रात मांडा, लेझर स्कॅन करून घ्या. आणि मागच्या शंभर वर्षांत कोणी सांधे सिमेंटने भरलेत का बघा. भरले असतील तर सिमेंट दगडापेक्षा कडक असल्यामुळे काढताना कडा दगडाच्या जातात, सिमेंट तसंच राहतं.

आता वेगळा मुद्दा, ज्यावर चर्चा होत नाही. शिल्प जागेवर ठेवलं तर दर काही दशकांनी त्याची डागडुजी करावी लागते. काळी जिप्समची पुटं काढायची, भुसभुशीत झालेला दगड इथाइल सिलिकेटने घट्ट करायचा आणि तीन-चार आठवडे बरा होऊ द्यायचा. विटेनबर्गला ल्यूथरच्या पाचशेव्या जयंतीच्या सुमारास, १९८३ मध्ये, चर्च दुरुस्त केलं तेव्हा हे शिल्पही साफसूफ करून जागेवरच ठेवलं, आणि त्यातूनच स्मृतिपट्टीचा विषय निघाला. तेव्हा प्रश्न असा की डागडुजी किती करायची? दगड पडू नये इतपत ठीक. पण अक्षरांना सोनं पुन्हा चढवायचं का? माझ्या मते नाही. सोनं चढवणं म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या माणसाच्या शिडीवर पुन्हा चढणं. दगड वाचवा, झळाळी उतरू द्या. झिजलेलं नाक नव्याने घडवणं तर मुळीच नाही.

लेझरने साफ करत असाल तर आधी जुन्या रंगाचे अंश तपासा. शिसपांढरा आणि हिंगूळ हे रंग लेझरखाली काळे पडतात.

अनया_कु

चुनखडी, झाकून ठेवलं तर? काल्बंला तसं केलं ना?

चुनखडी

हो. काल्बंच्या सेंट स्टेफानीवरचं युडेनझाऊ दुरुस्तीसाठी खाली उतरवलं, मग मंडळीला ते परत वर नको होतं, पण वारसा खात्याने संरक्षित इमारतीचा भाग म्हणून परत लावायला लावलं. २०२० मध्ये वर चढलं ते झाकलेल्या अवस्थेत. दोन सरकारी-धार्मिक आग्रहांमधली तडजोड.

तांत्रिक बाजूने झाकणं नाजूक आहे. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली की आत दमट हवा अडकते, रात्री दगडावर पाणी धरतं, थंडीत ते गोठून पापुद्रे सुटतात. कापड सैल असेल तर वाऱ्याने आपटून आपटून नाक-कान घासून काढतं. करायचंच असेल तर स्टेनलेस चौकट, दगडापासून चार-पाच सेंमी अंतर, वाफ जाऊ देणारं विणलेलं कापड, खालची बाजू उघडी. आणि चौकटीचे खिळे सांध्यात, दगडात नाही. कापड बदलण्याची तारीख आधीच लिहून ठेवा, नाहीतर तीन वर्षांनी चिंध्या लोंबतात आणि त्या चिंध्यांच्या मधून डुकरीण डोकावते, जे आधीपेक्षा वाईट.

किरमिजी

दगड सोडून रंगांकडे येते. पोलंडच्या सांदोमिएश कॅथीड्रलमध्ये अठराव्या शतकातल्या कारोल द प्रेव्होच्या मालिकेत एक मोठं तैलचित्र आहे: ज्यूंनी ख्रिस्ती मुलाला विधीसाठी मारल्याचं. हा आरोप युरोपभर शेकडो वर्षं फिरला आणि त्यापायी माणसं मारली गेली. पोप चौथा इनोसंट याने १२४७ मध्येच तो खोटा ठरवला होता, तरी चित्र चर्चमध्ये लागलंच.

२००६ मध्ये ते पडद्याने झाकलं. परिणाम काय? लोक पडद्यामागचं बघायला येऊ लागले. झाकलेली गोष्ट म्हणजे आतून खरी असणार, असंही काहींना वाटतं! शेवटी जानेवारी २०१४ मध्ये पडदा काढला आणि शेजारी पाटी लावली. पाटी गुळमुळीत नाही: चित्रातली घटना ऐतिहासिक सत्याला धरून नाही, ज्यू धर्मात असं काही असूच शकत नाही, आणि अशा आरोपांवरून याच गावातही ज्यूंना छळून मारलं गेलं. गावाचं नाव घेतलंय. ‘मध्ययुगात असे गैरसमज होते’ म्हणून मोकळं झालेलं नाही.

ब्रुसेल्सच्या कॅथीड्रलच्या काचांवर १३७० च्या ‘पवित्र भाकरीच्या विटंबने’ची कथा आहे (ज्यूंनी चर्चमधली प्रसादाची भाकरी चोरून तिला भोसकलं असा खोटा आरोप). तिथे १९७७ पासून कांस्याची पाटी आहे. त्या काचांपैकी बऱ्याच एकोणिसाव्या शतकातल्या! त्यामुळे इथेही ‘मध्ययुग’ ही सबब चालत नाही. पॅरिसच्या नोत्र दामच्या दर्शनी भिंतीवरची सिनागोगाची मूर्ती, जिच्या डोळ्यांवर सापाने विळखा घातलाय, तीही क्रांतीत फुटलेल्या जुन्या मूर्तीच्या जागी एकोणिसाव्या शतकात नव्याने बसवलेली.

आणि एक उदाहरण पाटीपेक्षा मोठं: बव्हेरियातलं डेगेनडॉर्फ. तिथे १३३८ मध्ये ज्यूंची कत्तल झाली, आणि मग ती झाकायला भाकरीच्या विटंबनेची गोष्ट नंतर रचली गेली. त्या गोष्टीवर शतकानुशतकं यात्रा भरायची. बिशपने १९९२ मध्ये यात्राच बंद केली. कर्मकांड चालू ठेवून भिंतीवर पाटी लावली असती तर तिला शून्य किंमत होती.

सुनीत_७९

सिनागोगा म्हणजे?

किरमिजी

सुनीत, ‘एक्लेझिया आणि सिनागोगा’ ही दोन बायकांची जोडी. एक्लेझिया म्हणजे चर्च: मुकुट, क्रूस, ताठ मान. सिनागोगा म्हणजे ज्यू धर्म: डोळ्यांवर पट्टी, मोडका भाला, हातातून निसटणाऱ्या धर्माज्ञांच्या पाट्या. स्ट्रासबुर्गची साधारण १२३० ची जोडी प्रसिद्ध आहे, मूळ मूर्ती आता संग्रहालयात आणि दारावर प्रतिकृती. बाम्बेर्गलाही आहे. ही डुकरिणीपेक्षा अवघड केस. डुकरीण बघून कोणालाही किळस येते, सिनागोगा मात्र इतकी सुंदर घडवलीय की माणूस ‘किती करुण, किती नाजूक’ म्हणत उभा राहतो आणि तिला आंधळी कोणी केली हे विचारतच नाही.

याला शिल्पातूनच दिलेलं उत्तर फिलाडेल्फियात आहे. सेंट जोसेफ विद्यापीठात २०१५ मध्ये जोशुआ कॉफमनने दोघींना शेजारी बसवलं, दोघींना मुकुट, दोघी एकमेकींच्या ग्रंथात बघताहेत. ज्यूंशी नातं नव्याने मांडणाऱ्या १९६५ च्या व्हॅटिकन घोषणेच्या पन्नास वर्षांनिमित्त. पण ते नव्या जागी आहे. जुन्या दारावरची पट्टी जिथल्या तिथेच.

शब्दवेल्हाळ

आता मूळ पाट्यांची भाषा. न्यायालयाने ज्यावर निकाल दिला ती विटेनबर्गची तिरपी पाटी नीट वाचा. आशय असा: अशी निंदाशिल्पं मध्ययुगात विशेष पसरली होती, अजून सुमारे पन्नास शिल्लक आहेत, सॅक्सनीत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि १४४० मध्ये ज्यूंचा छळ झाला, १५३६ मध्ये ज्यूंना राहायला मनाई झाली, ल्यूथरने १५४३ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली.

क्रियापदं बघा. ‘छळ झाला’. पाऊस झाला तसा. ‘मनाई झाली’. कोणी केली? सॅक्सनीचा राजा-निवडक (सम्राट निवडायचा हक्क असलेला सत्ताधीश) योहान फ्रीडरिश याने, जो ल्यूथरचा आश्रयदाता होता. ते नाव पाटीवर नाही. अख्ख्या मजकुरात कर्ता असलेला एकच माणूस, ल्यूथर, आणि त्यानेही फक्त ‘प्रसिद्ध केली’.

जमिनीतल्या पट्टीचा मजकूर काव्यात्म आहे. ढोबळ मराठी असं होईल: देवाचं खरं नाव, तो निंदिलेला शेम हमफोराश, जो ख्रिस्त्यांच्याही आधी ज्यूंनी जवळजवळ अनुच्चार्य इतका पवित्र मानला, तो साठ लाख ज्यूंच्या ठायी एका क्रुसाच्या चिन्हाखाली मेला. ‘मेला’! ‘मारला’ नव्हे. मराठीत हा फरक लगेच कानाला लागतो. बापाला कोणी मारलं असेल तर ‘बाप गेला’ असं आपण म्हणत नाही. ‘क्रुसाच्या चिन्हाखाली’ हे धाडसाचं आहे, ते १९८८ मध्ये पूर्व जर्मनीत चर्चने स्वतःहून लिहिलं याचं श्रेय द्यायलाच हवं. पण क्रियापदाने पाय मागे घेतलाय.

पायरी_क्र_७

शब्दवेल्हाळ, +१. आणि जागेचाही प्रश्न आहे. पट्टी जमिनीत, शिल्प चार मीटरवर. बघणारा वर बघतो तेव्हा पट्टी त्याच्या पायाखाली असते. अक्षरशः.

चुनखडी

त्यासाठी एक साधी चाचणी: फोन काढा. शिल्प चार मीटरवर, डोळे १.६ मीटरवर, साडेचार मीटर मागे उभं राहिलं तर साधारण २८ अंश वर बघावं लागतं. त्या फोटोत फक्त डुकरीण येते. पट्टी नाही, पाटी नाही. तोच फोटो पुढे फिरतो, आणि फिरताना तो पुन्हा १२९० चाच असतो. म्हणून उत्तर शिल्पाच्या चौकटीत आलं पाहिजे: त्याच उंचीवर, लागून, वेगळ्या रंगाच्या धातूत, खालून वाचता येतील अशा अक्षरांत. साडेचार-पाच मीटरवरून आरामात वाचायला किमान दोन-अडीच सेंमी उंचीची अक्षरं, म्हणजे जास्तीत जास्त आठ-दहा शब्द. सविस्तर मजकूर खाली तिरप्या पाटीवर: पुढची कड ७५-८० सेंमी, कल ३० ते ४५ अंश, म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही वाचता येते.

साहित्य: पोलादावर इनॅमल सर्वांत टिकाऊ. ॲक्रिलिक चरे पडून धुरकट होतं. कांस्य वर लावलं तर खालच्या दगडावर हिरवे ओघळ उतरतात, तेव्हा थेंब बाहेर पडेल अशी कड ठेवा. पाटीवर शिल्पाचं मोठं, स्वच्छ छायाचित्र छापू नका. वर आहेच, खाली दुसरी प्रत कशाला? रात्रीचे प्रकाशझोत तर आजच काढा. आणि क्यूआर कोड हा पाटीला पर्याय नाही, जो स्कॅन करतो त्याला बहुतेक आधीच माहीत असतं.

मांडवीकाठ

गोव्याच्या चर्चेसवर असं काही?

पाथरवट

युडेनझाऊ हा प्रकार मुख्यतः जर्मनभाषक प्रदेशातला, तेराव्या ते सोळाव्या शतकातला. गोव्याचा संबंध शिल्पापेक्षा थेट आहे: इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. १५६० ला सुरू झालं, आणि त्याच्या पहिल्या रोखात ज्यू वंशाचे ‘नवे ख्रिस्ती’ होते. गार्सिया द ऑर्ता, त्यांच्यातलाच एक, वैद्य आणि वनस्पतींचा जाणकार, १५६८ ला वारला. त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळलं. आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीच्या बागेला आज त्याचं नाव आहे.

अनया_कु

शब्दवेल्हाळ, टीका पटली. पण मग विटेनबर्गसाठी मराठीत काय लिहाल? करून दाखवा.

शब्दवेल्हाळ

वरच्या पट्टीसाठी: ‘ही शिवी आहे. आमच्या चर्चने दिली. ती खोटी आहे.’

खालच्या पाटीसाठी: ‘साधारण १२९० मध्ये या चर्चच्या लोकांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांची विटंबना करायला हे शिल्प इथे बसवलं. ज्यू धर्मात डुक्कर निषिद्ध, म्हणून डुकरीण निवडली. १५३६ मध्ये राजा-निवडक योहान फ्रीडरिशने ज्यूंना सॅक्सनीत राहायला बंदी घातली. १५४३ मध्ये या चर्चमध्ये प्रवचन करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने ज्यूंना देवाच्या नावावरून हिणवणारी पुस्तिका लिहिली, आणि तिच्यावरून इथल्या लोकांनी शिल्पावर सोनेरी अक्षरं घातली. चारशे वर्षांनी जर्मन राजवटीने साठ लाख ज्यूंना मारलं. १९८८ पर्यंत या भिंतीवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.’

युडेनझाऊचं भाषांतर मुद्दाम केलं नाही. शिवी दुसऱ्या भाषेत नेली की त्या भाषेला एक नवी शिवी मिळते.

पायरी_क्र_७

‘चारशे वर्षांनी जर्मन राजवटीने’ असं म्हटलं की मधली चारशे वर्षं हवेत जातात आणि चर्च बाहेर राहतं. नाझींनी ल्यूथरची पुस्तकं हौसेने छापली, तेवढं तरी घाला.

शब्दवेल्हाळ

मान्य. ‘चारशे वर्षांनी नाझी राजवटीने ल्यूथरच्या याच लिखाणाचा आधार मिरवला आणि साठ लाख ज्यूंना मारलं.’ आता शब्द किती झाले मोजून सांगा कोणीतरी, शंभरच्या आत-बाहेर हवेत.

चुनखडी

शंभरच्या आतच आहेत. ६० बाय ४० सेंमीच्या पाटीत चार भाषांना जागा होते. जर्मन आणि हिब्रू वर घ्या. हिब्रूसाठी उजवीकडचा समास मोठा सोडायला सांगा, छापखानेवाले हमखास विसरतात आणि मग ओळी स्क्रूखाली जातात.